सोनाळ्याचा प्रशांत महासागर

माझे घरमालक सकाळी चहा घेऊन मलायात जात आणि दुपारच्या जेवणाला परत येत. पेरणीच्या दिवसांत त्यांचा मुक्काम बहुतेक जाव्यात असे. सिडनी लांब पडे, तिकडे ते बैलगाडी जुंपून निघत.

सोनाळ्याच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायला मी बुलढाण्याहून नुकतीच आले होते आणि त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत भाड्याने राहत होते. एका सकाळी मी त्यांना भाड्याचे विचारायला गेले, तर त्यांचा गडी म्हणाला, "मालक घरी नाईत, बाई. कोबेत गेले. डुकरं घुसले ना तिथं." मी चक्रावून काकूंकडे पाहिले. काकू, म्हणजे मालकीणबाई, ओट्यावर ज्वारी पाखडत होत्या. सूप न थांबवता त्या म्हणाल्या, "वावराईचे नावं हायेत ते. लोकं वावराले देवाचं नाव देतात, ह्यायनं समुद्रापलीकडच्या गावाईचे देले. खूळ हाय, दुसरं काय!"

गावात त्यांना कोणी मालक म्हणे, कोणी पाठीमागे जपानवाले म्हणे. मी त्यांना नानाजी म्हणत असे. उंच, काटकुळे, अंगात उन्हाळा-हिवाळा एकच खाकी कोट. त्या कोटाचे खिसे कापसाच्या पुंजक्यांनी फुगलेले असत. बोलता बोलता ते एखादा पुंजका काढून दोन्ही हातांच्या चिमटीत धरत, हळूच ओढत आणि धाग्याची लांबी पाहत. हे त्यांच्या स्वतःच्या कापसापुरते असते तर ठीक होते. पण कुणाच्याही घरी बसले की त्यांचे बोट गादीच्या उसवलेल्या शिवणीत शिरे. एकदा तापाने फणफणले म्हणून जळगाव जामोदच्या डॉक्टरांकडे नेले, तर थर्मामीटर तोंडात असताना त्यांनी डॉक्टरांच्या उशीतून कापूस ओढून पाहिला. थर्मामीटर निघाल्याबरोबर म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुमाले फसवलं. हा जुना कापूस हाय, पिंजून पुन्ना भरला."

या वेडाला कारण होते. तरुणपणी, मोठ्या लढाईच्या आधी, ते वऱ्हाडातल्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात कामाला होते. तिथे कापूस घ्यायला जपानी व्यापारी येत. आपला आखूड धाग्याचा देशी कापूस मुंबईच्या गिरण्यांना फारसा नको असे, पण जपानात त्याच्या गाद्या-रजया भरत. "जपानी मानूस आपल्या वावरावर झोपते, बाई," नानाजी मला सांगत, आणि सांगताना त्यांचे डोळे असे चमकत की जणू त्यांनी स्वतःच त्या माणसाच्या अंगावर पांघरूण घातले आहे. मग लढाई पेटली. ते व्यापारी एका आठवड्यात निघून गेले. नानाजी सोनाळ्याला परतले, वडिलांची शेती पाहू लागले आणि वावरांना नावे देत सुटले.

त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता. घरात कोणतीही वस्तू आली की ते विचारत, "हे कुठून आलं? अन् त्याच्या बदल्यात आपून काय देलं?" कल्हईवाला दारात बसला की त्याच्यासमोर उकिडवे बसून म्हणत, "हे कथील मलायाचं. तुले माहीत हाय काय बे, तू मलाया लावून राह्यला काकूच्या पातेल्याले?" काकू देवापुढे कापूर लावायला गेल्या की मागून आवाज येई, "पयले कापूर जपानकडून ये. देवघरातबी समुद्र हाय आपल्या." काकू न वळता म्हणत, "आरतीच्या वक्ती तरी तोंड बंद ठेवा!"

एकदा त्यांनी माझ्या नववीच्या वर्गात येऊन धडा घ्यायचे ठरवले. मुख्याध्यापकांनी नाइलाजाने परवानगी दिली. नानाजींनी भिंतीवर नकाशा टांगला आणि पोरांना विचारले, "जळगावचा आठवडी बाजार पाह्यला काय?" सगळ्यांनी पाहिला होता. "तिथं कांदेवाल्याची दुकान मिरचीवाल्याच्या बाजूले राह्यते. दोघायचं भांडन होते काय? नाई होत. काऊन? याचं गिऱ्हाईक त्याच्याकडं जाते, त्याचं याच्याकडं येते. आता इकडं पाहा." त्यांनी प्रशांत महासागरावर हात फिरवला. "हा सगळ्यात मोठा आठवडी बाजार. ब्रह्मदेश तांदूळ घेऊन बसला, मलाया रबर घेऊन, आस्ट्रेलिया लोकर घेऊन, जपान यंत्र घेऊन. आपली दुकान कुठी हाय?" एक पोरगी म्हणाली, "आपली दुकान नाईच, जी." नानाजींनी टाळी वाजवली. "बराबर! आपला माल हाय, पन बसाले जागा नाई. आपला कापूस दुसऱ्याच्या पालाखाली इकला जाते. घेनारा अन् देनारा एकमेकाचं तोंड पाहत नाईत ना, तवा मधला मानूस जाडा होते."

वर्गात गणिताचे इंगळे मास्तर पाठीमागच्या बाकावर बसून ऐकत होते. मास्तर बौद्धपुऱ्यात राहत. त्यांची आई जनाबाई गावातल्या कापूस वेचणाऱ्या बायांची मुकादम होती. धडा संपल्यावर मास्तर मला म्हणाले, "बाई, लोक हसतात, पण हा माणूस वेडा नाही. याला फक्त ऐकणारं कुणी मिळालं नाही."

त्या काळात महाराष्ट्र राज्य नवे होते. पंचायत समित्या आल्या होत्या, गावोगावी सोसायट्या निघत होत्या, आणि काहीतरी होणार आहे असे सगळ्यांनाच वाटत असे. अशा वेळी एका हिवाळ्यात वर्तमानपत्रात बातमी आली की आशियातल्या देशांचे व्यापारी पाहुणे विदर्भातला कापूस पाहायला येणार आहेत. नानाजींनी ती बातमी मला तीनदा वाचायला लावली. जपान आणि सयाम, म्हणजे आजचे थायलंड, ही दोन नावे आली की ते उठून उभे राहत.

दुसऱ्या दिवशी आम्ही बुलढाण्याच्या बसमध्ये होतो. मला त्यांनी इंग्रजीसाठी बरोबर घेतले होते, मास्तरांना "हिशेबी डोकं" म्हणून. पाहुण्यांचा दौरा आखणारे अधिकारी भले गृहस्थ होते. त्यांनी आमचे सगळे ऐकून घेतले. म्हणाले, "सोनाळा कार्यक्रमात नाही. घालायलाही हरकत नव्हती, पण तुमच्या गावाआधीच्या नाल्यातून जीप जाणार नाही."

नानाजी ताडकन उठले. "साहेब, नाला मी पाहतो. तुम्ही जीप पाहा."

अधिकाऱ्यांना हसू आले, आणि त्यांनी हो म्हटले.

पुढचे दिवस आठवले की अजूनही माझ्या अंगात वारे शिरते. नानाजींनी दवंडी पिटवली. पहिल्या दिवशी त्यांच्या घरचे गडी आणि मास्तरांची चार विद्यार्थ्यांची फौज एवढेच नाल्यावर होते. नानाजी स्वतः धोतर खोचून दगड वाहत होते आणि मोठमोठ्याने ओरडत होते, "सिंगापूरचा रस्ता हाय रे हा, धोंडा नीट बसवा!" लोक आधी तमाशा पाहायला आले. मग पाहणाऱ्यांच्या हातात घमेली आली. मग बाया आल्या, कीर्तनकार आले, दुकान बंद करून वाणी आला. मुरूम पडला, दगड बसले, नाल्याला उतार झाला. शेवटी बैलगाडी भरून दगड त्यावरून नेऊन पाहिले, आणि गाडी पलीकडे चढली तेव्हा जो जल्लोष झाला तो पोळ्यालाही होत नाही.

दुसरीकडे कापूस गोळा होत होता. सोसायटीच्या गोदामापुढच्या आवारात सगळ्या शेतकऱ्यांनी आपापल्या गाड्या रित्या केल्या. जनाबाई आणि तिच्या बाया त्यातली कवडी, म्हणजे डागी कापूस, पालापाचोळा, किडकी बोंडे वेचून काढत. त्या ढिगाकडे पाहिले की डोळे दिपत.

एकच वाद झाला. पाहुण्यांचा पहिला चहा कुठे, यावर. गावातली वजनदार मंडळी म्हणाली, चावडीवर. बौद्धपुऱ्यातल्या लोकांची इच्छा होती की बुद्धाच्या देशांतून माणसे येताहेत, तर त्यांनी आमच्या विहारात पाय ठेवावा. नानाजींनी सगळ्यांसमोर सांगितले, "रस्त्यात पयलं घर त्यायचं हाय. नाल्यावर पयला धोंडाबी मास्तरनं ठेवला. पयला चहा तिथंच." काकूंचे भाऊ गावातले मोठे जमीनदार होते. त्यांना हे मुळीच पटले नाही. ते उठून गेले.

पाहुण्यांचा दिवस उजाडला. दोन जीपगाड्या नाल्यात उतरल्या, डुगडुगल्या आणि वर चढल्या. तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि आतल्या पाहुण्यांना वाटले, टाळ्या त्यांच्यासाठी आहेत. त्यांनी हात हलवले. ते तिघे होते: एक वयस्कर जपानी कापूस व्यापारी, त्यांचा दुभाष्या, आणि सयामचे एक गोरेसे, गोल चेहऱ्याचे व्यापारी. बरोबर ते बुलढाण्याचे अधिकारी.

बौद्धपुऱ्यात विहार म्हणजे एक कुडाची खोली होती. आत बुद्धाची तसबीर, बाबासाहेबांची तसबीर आणि सारवलेली जमीन. मी इंग्रजीत स्वागताचे चार शब्द बोलले. सयामच्या पाहुण्यांना इंग्रजी जेमतेमच येत होते. ते नुसतेच मान हलवत होते आणि सगळ्यांना अवघडल्यासारखे झाले होते. तेवढ्यात त्यांची नजर तसबिरीकडे गेली. त्यांनी बूट काढले, गुडघे टेकले, हात जोडले आणि म्हणू लागले, "बुद्धं सरणं गच्छामि."

क्षणभर कुणाला उमजेना. मग जनाबाईने हात जोडले. "धम्मं सरणं गच्छामि," ती म्हणाली. आणि मग सगळी खोली, खोलीबाहेरची गल्ली, झाडाखाली उभी असलेली माणसे, सगळे एका सुरात म्हणू लागले. पाहुण्यांनी मागे वळून पाहिले तेव्हा त्यांचे गाल ओले होते. दुभाष्याला काही कामच उरले नव्हते. मास्तर मला हळूच म्हणाले, "बाई, माय पहिल्यांदाच परदेशी माणसाशी बोलली." नानाजींना मात्र राहवेना. ते माझ्या दुसऱ्या कानाशी कुजबुजत होते, "पाह्यलं? व्यापाराच्या आधी वळख लागते. पाह्यलं?"

तिथून सगळी मिरवणूक गोदामापुढे आली. नानाजी पुढे धावले. त्यांची सवय अशी की कापसाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, आतला पुंजका काढायचा आणि हुंगायचा. तसाच त्यांनी हात घातला, आणि तो आतच राहिला. मी जवळ होते. त्यांचा चेहरा एकदम उतरला.

ढीग आतून ओला होता.

वजन वाढावे म्हणून कापसावर पाणी मारायची खोड सगळ्या बाजारांत होती. पण इथे, आज? नानाजींनी दुसरीकडे हात घातला, तिसरीकडे घातला. उगवतीकडची बाजू ओली होती, बाकी कापूस कोरडा. त्या बाजूच्या गाड्या पहाटे कुणी रित्या केल्या हे राखणदाराने न विचारता सांगितले. काकूंच्या भावाच्या होत्या त्या. भाऊ समोरच उभे होते, फेटा बांधून, पाहुण्यांच्या स्वागताला. काकूही बायकांत उभ्या होत्या.

पाहुणे वीसेक पावलांवर होते. मास्तर घाईने म्हणाले, "नानाजी, त्यांना या अंगानं नेऊ. कोरडी बाजू दाखवू." खरे म्हणजे माझ्याही मनात तेच आले होते. नाल्यावरचे सगळे हात माझ्या डोळ्यांपुढे होते.

नानाजींनी एकदा काकूंकडे पाहिले. मग ते जवळच्या रित्या बैलगाडीवर चढले आणि मोठ्याने बोलले, सगळ्या गावाला ऐकू जाईल असे.

"बाई, त्यायले सांगा. म्हना, या ढिगाची एक बाजू ओली हाय. माह्या घरच्या मानसानं पानी मारलं हाय. त्यायनं घेऊ नोका."

मी गाडीजवळ सरकले. "नानाजी, असं कसं सांगू?"

"जसं हाय तसं सांगा! वीस-बावीस वर्सं वाट पाह्यली मी या मानसाची. खोटं दाखवाले नाई पाह्यली."

मी इंग्रजीत सांगितले. दुभाष्याने जपानीत सांगितले. काकूंच्या भावाची मान खाली गेली, आणि ते फेटा हातात घेऊन गर्दीतून निघून गेले. त्यांच्या मागोमाग काकू निघाल्या. जाताना त्यांनी नवऱ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मला आजही पाहवत नाही.

जपानी गृहस्थांनी कोट काढला आणि दुभाष्याच्या हातात दिला. बाही वर सारून त्यांनी ओल्या बाजूत हात घातला, मग कोरड्या बाजूत. पुंजका काढला, दोन्ही चिमटीत धरून ओढला, अगदी नानाजी ओढत तसा. मग ते बराच वेळ दुभाष्याशी बोलले. दुभाष्याने मला सांगितले, "ते म्हणतात, ओला कापूस त्यांनी फार पाहिला. हात घालायच्या आधी कुणी सांगितलं, असं आज पहिल्यांदा झालं. कोरडा माल वेगळा करून मिळेल का?"

मी मराठीत सांगायची जनाबाईने वाट पाहिली नाही. नानाजींच्या चेहऱ्यावरूनच तिला कळले असावे. "चाला गं!" ती ओरडली, आणि बाया ढिगावर तुटून पडल्या. मग पुरुषही आले. ज्यांनी जन्मात कापूस वेचला नव्हता असे चावडीवरचे म्हातारे जनाबाईच्या हाताखाली बसले आणि ती त्यांना रागावू लागली, "हे काय भरलं, पाटील? हात लावून पाहा ना आधी!" अधिकारी घड्याळ पाहत होते, पण जपानी पाहुणे हलेनात. ते एका पोत्यावर बसले आणि नानाजी त्यांच्याशेजारी. दोघांत दुभाष्या नव्हता. एक पुंजका इकडून तिकडे, तिकडून इकडे जात होता. मधून मधून नानाजींना तरुणपणी शिकलेला एखादा जपानी शब्द आठवे, ते तो उच्चारत आणि पाहुणे पोट धरून हसत. काय शब्द होते देव जाणे. पाहुण्यांना गावाचे नाव नीट म्हणता येईना, ते "सोनारा" म्हणत, आणि पोरे "सोनार! सोनार!" म्हणून नाचत.

दिवस कलायला आला तेव्हा कोरडा ढीग वेगळा झाला होता. पाहुण्यांनी तेवढा सगळा माल आपल्या मुंबईच्या कचेरीमार्फत घ्यायचे कबूल केले. एकच अट घातली: सरकी काढून गाठी बांधल्या की प्रत्येक गाठीवर गावाचे नाव छापायचे. पुढच्या साली कुणाकडे यायचे ते त्यांना माहीत हवे होते.

गाव आनंदाने वेडे झाले. नानाजींच्या घरात मात्र चूल पेटत होती, बोलणे बंद होते. काकू ताट वाढत, ठेवत आणि निघून जात. भावाचा उंबरा तुटला होता. नानाजी रोज संध्याकाळी माझ्या खोलीच्या दाराशी येऊन बसत. एकदा म्हणाले, "बाई, मी चुकलो काय?" मी म्हटले, "नाही." ते म्हणाले, "तिले सांगा ना मंग." मी सांगून पाहिले. काकू म्हणाल्या, "खरं सांगाचं तर सांगाचं होतं. घरचं मानूस म्हनाले काऊन पाह्यजे होतं? सगळ्याइले समजलं ना मंग."



उन्हाळ्याच्या सुट्टीत निरोप आला की गाठी मुंबईच्या बंदरात पोचल्या आहेत आणि अमुक दिवशी जहाजात चढतील. नानाजी मला म्हणाले, "चाला. मी समुद्र पाह्यलाच नाई अजून." मी थक्क झाले. ज्यांनी आम्हा सगळ्यांना महासागर शिकवला, त्यांनी मोठ्यात मोठे पाणी पाहिले होते ते पूर्णा नदीचे!

निघायच्या सकाळी आम्ही बसची वाट पाहत उभे होतो. काकू घरातून बाहेर आल्या. नवे लुगडे, हातात शिदोरीचे गाठोडे. नवऱ्याकडे न पाहता त्या मला म्हणाल्या, "मलेबी येऊ द्या. माह्या भावाले चौघात खाली पाहाले लावलं, ते कशापायी हे मलेबी पाहाचं हाय."

नांदुऱ्याहून आगगाडी, मग मुंबई, मग कचेरीतल्या माणसाने मिळवून दिलेला बंदराचा पास. साऱ्या प्रवासभर दोघे एका बाकावर बसून एकमेकांशी बोलले नाहीत. नानाजी फक्त खिडकीबाहेर पाहत आणि मला विचारत, "आला काय समुद्र?"

बंदरात आम्ही पोचलो तेव्हा भर दुपार होती. जहाज गावातल्या कोणत्याही देवळापेक्षा उंच होते. त्यावर पलीकडच्या कोणत्या तरी देशाचे निशाण फडफडत होते. एका बाजूने तांदळाची पोती उतरत होती, दुसऱ्या बाजूने गाठी चढत होत्या. कोट घट्ट धरून नानाजी पाण्याकडे, जहाजाकडे, उतरणाऱ्या पोत्यांकडे नुसते पाहत राहिले.

काकू सरळ गाठींपाशी गेल्या. हमाल ओरडले, पण त्या हलल्या नाहीत. त्यांना वाचता येत नव्हते. "बाई, कुठी लिहिलं हाय?" त्यांनी मला विचारले. मी एका गाठीवरची काळी अक्षरे दाखवली. त्यांनी त्यांवरून बोट फिरवले, पहिल्यापासून शेवटपर्यंत, सावकाश.

"हे सोनाळा?"

"हो, काकू."

तेवढ्यात यारीचा आकडा खाली आला, दोर आवळले आणि गाठ उचलली गेली. काकू मागे सरल्या, मान वर करून पाहू लागल्या. गाठ वर वर गेली, उन्हात गोल फिरली, आणि फिरताना ते नाव एकदा जमिनीकडे झाले, एकदा समुद्राकडे. डोक्यावरचा पदर घसरलेला त्यांना कळलाही नाही. शेजारच्या अनोळखी हमालाचा हात धरून त्या ओरडल्या, "आमचं गाव हाय ते! जपानले जाऊन राह्यलं!"

मग त्या नानाजींजवळ आल्या. कितीतरी दिवसांनी त्यांच्याशी बोलल्या.

"भावाले आनाले पाह्यजे होतं हो. त्यानंबी पाह्यलं असतं."

नानाजींनी कोटाच्या बाहीने डोळे पुसले. "पुढच्या साली आनू," ते म्हणाले. "मी सोता जातो त्याच्या घरी."